दुसरा ये

माझ्या गुरुजींबद्दल दुसऱ्या कुणी वाईट बोललेलं मला आजही खपत नाही. तो हक्क माझा एकट्याचा आहे आणि इतकी वर्षं मी तो राखून ठेवला आहे. मीही पुढे मास्तर झालो, पोरांना शिकवलं, निवृत्त झालो, नातवंडं अंगाखांद्यावर खेळवली, पण बारामतीच्या त्या मैदानाची आठवण आली की अजून ताट बाजूला सारतो. बायको म्हणते, एवढी जुनी गोष्ट, सोडून द्या. सोडायला ती माझ्या हातात असती तर कधीच सोडली असती.

आमचं गाव इंदापूर तालुक्यात, भिगवण स्टेशनापासून बैलगाडीने अर्ध्या दिवसावर. शाळा सातवीपर्यंत. महारवाड्यातली आम्ही पाच पोरं शाळेत जात होतो. आम्हाला शाळेत घ्यायचं असा सरकारी हुकूम होता, म्हणून घेतलं होतं. आत बसवायचं असं हुकमात लिहिलेलं नसावं, कारण आमची जागा ओसरीवर, दाराच्या बाहेर होती. तिथून फळा तिरका दिसायचा. गणितं त्यामुळे चुकायची की डोक्यामुळे, हे मला आजही नक्की सांगता येणार नाही.

छत्तीस-सदतीस सालच्या सुमाराला पुण्याहून हे नवे गुरुजी आले. किडकिडीत, चष्मा लावणारे, घरात खादी नेसणारे. आल्याबरोबर त्यांनी मुलांना शाळेमागच्या पडीक जमिनीवर पळायला लावलं आणि माझे पाय त्यांच्या नजरेत भरले. त्यात माझं कर्तृत्व फारसं नव्हतं. सरकारी कागद घेऊन इंदापूरच्या कचेरीत जायचं काम पिढ्यान्‌पिढ्या आमच्या घरावर होतं. पाटलांनी कागद हातात दिला की माझा बाप निघाला, ऊन असो की चिखल असो. मी सातव्या वर्षापासून त्याच्या मागे पळत होतो. गुरुजींनी मला पळण्यासाठी निवडलंय हे मी घरी सांगितलं तेव्हा बाप म्हणाला, “पळायला शाळंत कशाला जायाला पायजे? आमी जलमभर पळतोच की. आजवर एकानं टाळी न्हाय वाजिवली.”

पण गुरुजी टाळी वाजवायचे. मी पळत आलो की दोन्ही हातांनी वाजवायचे, मोठ्यांदा. मी त्यांच्यासाठी विहिरीत उडी टाकली असती.

एका पावसाळ्यानंतर त्यांनी पुण्याच्या मित्राकडून चित्रं दाखवायचं यंत्र मागवलं. पेटी भिगवणला उतरली, तिथून गाडीने आली. हाताने फिरवायचं यंत्र आणि आतला दिवा मोटारीच्या बॅटरीवर. दिवसा अंधार हवा म्हणून धनगरांच्या पोरांनी घरून घोंगड्या आणल्या आणि खिडक्यांवर टांगल्या. वर्गभर मेंढरांचा वास सुटला. पडदा म्हणजे गुरुजींचं धुवट धोतर. प्रश्न एकच उरला, आम्हा पाच जणांना कुठे बसवायचं. अंधाऱ्या खोलीत कोण कुणाला शिवलं ते कळायचं नाही, म्हणून पोरांच्या आया आधीच कुरकुरत होत्या.

गुरुजींनी तोडगा काढला. वर्गाच्या मागे अडगळीची खोली होती, तिला बाहेरूनही दार होतं. मधल्या दारात त्यांनी धोतर ताणून बांधलं. वर्ग एका बाजूला, आम्ही अडगळीत दुसऱ्या बाजूला. कापड ओलं ठेवलं की चित्र मागूनही स्पष्ट दिसतं, हे त्यांना ठाऊक होतं. “म्हणजे सगळ्यांनाच दिसेल,” असं म्हणून ते खूश झाले. आम्ही तर त्यांच्याहून खूश. मोडक्या बाकांवर आम्ही राजासारखे बसलो. वर्गातली दोन पोरं मधूनमधून पडद्यावर पाणी शिंपडायची. ते पाणी कापडातून येऊन आमच्या तोंडावर उडायचं. शाळेच्या माठातलं पाणी आमच्या ओठाला लागलं ते त्या दिवशी, आणि ते आम्ही जिभेने चाटून घेतलं.

पहिल्या चित्रात हत्ती लाकडं ओढत होते. दुसऱ्या चित्रात शर्यत होती. परदेशातलं मोठं गोल मैदान, चहूकडे माणसंच माणसं. पळणारे सहा-सात गोरे आणि एक काळा. माझ्या बापाइतका काळा. शर्यतीआधी गोरे एकमेकांशी बोलत होते आणि हा एकटा बाजूला उभा राहून पोटऱ्या चोळत होता. मग पिस्तुलातून धूर निघाला, सगळे सुटले, आणि एका वळणानंतर त्या काळ्याने सगळ्यांना असं मागं टाकलं की वर्गात आरडाओरडा झाला. पोरं बाकांवर चढली. “पुन्यांदा, गुर्जी, पुन्यांदा!” गुरुजींनी तीन वेळा ते चित्र फिरवलं. साहेबाला कुणी हरवलेलं आम्ही उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं.

मग त्यांनी धडा दिला. अंधारात त्यांचा आवाज फार छान यायचा. तो जिथला, त्या देशात काळ्या माणसाला गोऱ्यांच्या खाणावळीत जेवता येत नाही, त्यांच्या शाळेत बसता येत नाही, पाण्याचा नळसुद्धा वेगळा, असं ते सांगत होते.

“आयला, पानी बी?” पाटलांचा मुलगा म्हणाला. तो माझ्याच वर्गात होता आणि गावात माझ्या खालोखाल तोच पळायचा.

“पाणीसुद्धा,” गुरुजी म्हणाले. “आता सांगा, त्या माणसानं काय गुन्हा केला होता?”

“काय बी न्हाय, गुर्जी!”

“मग त्याला लांब का ठेवायचं?”

वर्ग पेटला. गोऱ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला. पडद्यामागून आम्हीही घसा फोडून ओरडलो, “हलकट हायती गोरे!” माझा आवाज सगळ्यांत मोठा होता. आज आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते, पण तेव्हा आम्हाला खरोखर काही सुचलं नाही. तिकडच्या पोरांनाही सुचलं नाही. आम्ही सगळे मिळून त्या दूरच्या माणसासाठी हळहळलो आणि घरी गेलो.

त्यानंतर आठ दिवस मी पहाटे उठून एकटा सराव केला, चित्रातल्यासारखा. नवव्या दिवशी गुरुजींनी पडीक जमिनीवर राखेने मोठं गोल आखलं आणि सगळ्यांना रेषेवर उभं केलं. सगळी पोरं एका दिशेला तोंड करून उभी, आणि मी एकटा उलट्या दिशेला.

“आरं, हिकडं तोंड कर,” पाटलांचा मुलगा हसायला लागला. “डाव्या अंगाला वळायचं असतंय.”

“उजव्या!” मी म्हणालो. “मी डोळ्यानं बघितलंय.”

“आमी काय नाकानं बघितलं व्हय?”

भांडण जुंपलं. आमचे चौघे धावत आले आणि त्यांनीही छातीवर हात ठेवून सांगितलं की चित्रातले लोक उजवीकडेच वळत होते. पाच साक्षीदार एका बाजूला, तीसजण दुसऱ्या बाजूला. कुणीच खोटं बोलत नव्हतं. गुरुजी राखेचं घमेलं घेऊन आले, त्यांनी दोन्ही बाजू ऐकल्या आणि त्यांचा चेहरा एकदम उतरला. घमेलं त्यांनी खाली ठेवलं. मग सगळ्यांना घरी पाठवलं आणि आम्हा पाच जणांना थांबवून घेतलं.

त्यांनी पुन्हा घोंगड्या टांगल्या, पुन्हा धोतर बांधलं, आणि आम्हाला वर्गात नेऊन पुढच्या बाजूला बसवलं. त्या वर्गात मी तीन वर्षं शिकत होतो आणि उंबरा त्या दिवशी पहिल्यांदा ओलांडला. चित्र सुरू झालं. काळा माणूस डावीकडे वळत होता. सगळेच डावीकडे वळत होते. मी शपथेवर भांडलो होतो ते खोटं ठरलं, आणि मला रडू फुटलं.

“चूक तुमची नाही,” गुरुजी म्हणाले. “मी पडद्यामागे जिथं बसवलं तिथून तसंच, उलटं दिसणार.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी आमची पाटी-दप्तरं ओसरीवरून उचलायला लावली आणि आम्हाला आत, मागच्या भिंतीपाशी जागा दिली. सगळ्या वर्गासमोर सांगितलं की बारामतीला आजूबाजूच्या शाळांच्या शर्यती आहेत आणि आपल्या शाळेकडून मी पळणार, माझ्याबरोबर पाटलांचा मुलगा. मी त्या रात्री जेवलो की नाही ते मला आठवत नाही.

पुढचा महिना माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला महिना. पाटलांचा मुलगा आणि मी रोज पळायचो. त्याला मी एकदाही पुढे जाऊ दिलं नाही आणि त्याला त्याचं काही वाटायचं नाही. “तू फुडं पळ,” तो म्हणायचा, “म्हंजी मला बी जोर येतुया.” घरच्यांची नजर चुकवून तो पेरू आणायचा आणि माझा पेरू बांधावर ठेवायचा. मी तो उचलून घ्यायचो. एवढं अंतर आम्ही दोघंही न बोलता पाळायचो.

निघायच्या दोन दिवस आधी पाटील आणि मारुतीच्या देवळातला गुरव शाळेत आले. मी मागच्या भिंतीपाशी बसून सगळं ऐकत होतो. मी तिथं आहे याची त्यांना फिकीर नव्हती.

आमच्या गावाची रीत होती. कुस्ती असो, शर्यत असो, जो गडी बाहेरगावाहून जिंकून येईल त्याला वाजत गाजत वेशीतून मारुतीच्या देवळात न्यायचं. त्यानं गाभाऱ्यात जाऊन स्वतःच्या हाताने शेंदूर लावायचा आणि देवापुढे नारळ फोडायचा. हे चुकलं तर गावाचं बळ जातं असं सगळे मानायचे.

“पळूंद्या की त्याला,” पाटील म्हणाले. “आमी कुठं अडवतोय? पर त्यो जिंकला तर नारळ कुणी फोडायचा?”

“दुसऱ्या कुणीतरी फोडावा,” गुरुजी म्हणाले.

“जिंकणार त्यो आन् नारळ दुसऱ्याचा? मारुतीला काय फसवायचं व्हय, गुर्जी?”

“हारला तर आमची काय बी हरकत न्हाय,” गुरव म्हणाला.

गंमत बघा. माझ्या जिंकण्यावर गावात त्या दोघांइतका भरवसा माझ्या बापाचाही नव्हता. गुरुजी त्यांना बाहेर घेऊन गेले. पुढचं मला ऐकू आलं नाही. परत आल्यावर गुरुजी माझ्याकडे न बघता फळा पुसायला लागले, आणि मी समजलो की त्यांनी त्या दोघांना खडसावून परत पाठवलं असणार.

आम्ही दोन गाड्यांनी निघालो. पोरं गाडीत, मी चाकाशेजारून चालत. थोड्या वेळाने गुरुजीही खाली उतरले आणि माझ्याबरोबर मैलोन्‌मैल चालले. मी वाटभर बडबड केली. मुक्काम पिंपळीला पडला. पोरं पाटलांच्या पाहुण्यांकडे उतरली, मी तिथल्या महारवाड्यात. सकाळी मी कालव्यावर तोंड धुवायला गेलो तर गुरुजी काठावर उभे होते.

“तुझ्याकडे एक मागायचं आहे,” ते म्हणाले.

“मागा की, गुर्जी.”

“आज दुसरा ये.”

मी हसलो. मला वाटलं थट्टा करताहेत. मग त्यांनी सगळं सांगितलं. पाटलांशी ठरलं होतं. मी दुसरा आलो तर आम्ही पाचही जण वर्गात आत बसायचं, कुणी हरकत घेणार नाही. मी पहिला आलो तर पाचही जण ओसरीवर, आणि गावाने आपली पोरं शाळेत ठेवायची की नाही हे पाटील ठरवणार.

“मी शब्द दिलाय,” गुरुजी म्हणाले.

पाय माझे आणि शब्द त्यांचा. मला विचारायचं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. मी एवढंच म्हणू शकलो, “आन् त्यो चित्रातला, गुर्जी?”

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “ते चित्र आहे रे,” ते म्हणाले. “तू सगळ्यांबरोबर एका रेषेवर उभा राहणार आहेस. हे काय थोडं झालं? तुझ्यामागे आणखी चार पोरं आहेत. त्यांचा विचार कर. आणि हे कुणाला सांगू नकोस. पाटलांच्या पोराला तर नाहीच नाही.”

पाटलांनी हे मागितलं याचा मला राग नव्हता. पाटील पाटलासारखे वागले. पण ज्याने मला पडद्यापुढे आणून बसवलं त्यानेच हे मागावं, ही गोष्ट मला आजही पचलेली नाही. मी मान डोलावली. दुसरं काय करणार होतो?

मैदानाला चार फेऱ्या होत्या. मी सुटलो आणि पहिल्या तीन फेऱ्या मला काहीच आठवलं नाही, ना पाटील, ना मारुती. कडेची माणसं ओरडत होती. माझ्यासाठी ओरडत होती, कारण मी कोण हे त्यांना ठाऊक नव्हतं. चौथी फेरी सुरू झाली तेव्हा मी चाळीस-पन्नास पावलं पुढे होतो आणि दोरीपाशी गुरुजी दिसले. ते टाळ्या वाजवत नव्हते.

हरायचं कसं हे मला कुणी शिकवलं नव्हतं. एकदम थांबलो तर कळणार. मी कमरेवर हात दाबला, चमक भरल्यासारखं तोंड वाकडं केलं आणि पावलं आखडली. मागून पाटलांच्या मुलाच्या श्वासाचा आवाज आला. तो ओळखीचा होता, महिनाभर रोज ऐकलेला. तो माझ्या बरोबरीला आला, त्याने माझ्याकडे बघितलं, आणि तोही हळू झाला.

“पळ की लेका!” तो धापा टाकत म्हणाला. “फुडं पळ की!”

त्याच्या मागे बारामतीचा एक उंच मुलगा जोरात येत होता. आणखी चार पावलं असेच रेंगाळलो असतो तर दोघंही गेलो असतो. “जा!” मी त्याच्यावर ओरडलो. “जा तू!” तो दचकला आणि सुटला. मी त्या उंच मुलाला मागं ठेवलं आणि दुसरा आलो.

पुढचं आत्ताच सांगून टाकतो. गावात मिरवणूक निघाली, गुलाल उधळला. पाटलांच्या मुलाने मारुतीपुढे नारळ फोडला, आणि त्याचा चेहरा लग्न मोडलेल्या माणसासारखा होता असं लोक म्हणाले. मी वेशीबाहेर असल्याने मला दिसला नाही. तो त्यानंतर माझ्याशी बोलला नाही आणि बांधावर पेरू ठेवला नाही. आम्ही पाच जण वर्गात आत बसलो ते उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत. गुरुजींनी स्वतः अर्ज करून पुण्याला बदली करून घेतली, आणि नव्या मास्तरांनी पहिल्याच दिवशी आम्हाला ओसरी दाखवली. कितीतरी वर्षांनी पुण्यातल्या एका जुन्या मासिकात गुरुजींचा लेख माझ्या हाती लागला. खेड्यातल्या पोरांना चित्र दाखवून समतेचा धडा कसा दिला, त्याची हकिगत होती. अस्पृश्य विद्यार्थ्याने शर्यतीत दुसरा नंबर मिळवला हेही त्यात होतं. एक शब्द खोटा नव्हता. मी ते मासिक तिथेच वाचनालयात ठेवून आलो.

पण मला सांगायचं आहे ते मैदानावरचं. शर्यत संपली तसा पाटलांचा मुलगा गर्दीतून वाट काढत माझ्यापाशी आला. त्याच्या गळ्यात हार होता.

“खरं सांग,” तो म्हणाला. “मी जितलो का तू हारलास?”

गुरुजी शेजारीच उभे होते. मी त्यांच्याकडे बघितलं. ‘मीच त्याला थांबायला सांगितलं’ एवढं एक वाक्य ते बोलले असते तरी पुरे होतं, मी त्यांना सगळं माफ केलं असतं. ते बोलले नाहीत.

“तू जितलास,” मी म्हणालो.

तो माझ्या पायांपाशी थुंकला आणि निघून गेला. मग गुरुजी पुढे झाले आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. भर मैदानात, सगळ्यांच्या देखत. महारवाड्याबाहेरच्या कुणी मला हात लावला तो पहिल्यांदा. तो हात मी झटकायला हवा होता, हे मला त्याही वेळी कळत होतं. पण तो हात लवकर निघू नये म्हणून मी जागचा हललो नाही.